दोस्तांच्या सभेंतील मतें आणि वसईचें मोल
सुरत व पुरंदर येथील तहांच्या प्रचलित मीमांसेचें परीक्षण

सुरतेचा तह (६ मार्च १७७५) व पुरंदरचा तह (१ मार्च १७७६) यांविषयीं आपल्याकडे जें लिहिलें जातें त्यांत एक वाक्य ठरलेलें असतें : इंग्रजांनीं राघोबादादास दिलेलें वचन मोडलें. कोणी तें संतापानें लिहितो. कोणी, दादासाहेबांची खोड बरी जिरली, अशा समाधानानें लिहितो. वाक्य मात्र तेंच. प्रस्तुत लेखकानें वसई तालुक्यांतील एका शाळेंत तीस वर्षें हेंच वाक्य मुलांकडून पाठ करून घेतलें. या वाक्याचा कर्ता संशयित आहे, ही गोष्ट व्याकरण शिकविणाऱ्याच्याच ध्यानांत इतकीं वर्षें येऊं नये हें लाजिरवाणें खरें; पण तें कबूल करूनच पुढें गेलेलें बरें.

पाणिनीनें कर्त्याचें लक्षण करतांना स्वातंत्र्यावर भर दिला आहे. क्रियेच्या बाबतींत जो स्वतंत्र तो कर्ता. या कसोटीवर १७७५ सालचे ‘इंग्रज’ घांसून पाहिले तर एका कर्त्याच्या जागीं तीन सभा दिसूं लागतात. वचन दिलें मुंबईच्या सभेनें. तें रद्द केलें कलकत्त्याच्या सभेनें. आणि तें रद्द व्हावयास नको होतें असें कळविलें लंडनच्या डायरेक्टरांच्या सभेनें. तिन्ही ठिकाणीं निर्णय मतें मोजून होत असत. राघोबादादांनीं हात धरला तो एका माणसाचा नव्हे, मतांच्या एका बेरजेचा. आणि ती बेरीज अंतिम नव्हती.

हा मुद्दा मला ग्रंथांतून सुचला नाहीं, वर्गांत सुचला. २००४ च्या ऑक्टोबरांत वर्तमानपत्रांतून ऑस्ट्रेलियांतील निवडणुकीच्या बातम्या येत होत्या. इराकच्या युद्धांत अमेरिकेच्या बाजूनें फौज पाठविणारे जॉन हॉवर्ड पुन्हां निवडून येतात कीं, नाताळापूर्वीं सैनिक परत आणूं असें जाहीर करणारे मजूर पक्षाचे मार्क लॅथम येतात, इकडे वॉशिंग्टन व लंडन या दोन्ही राजधान्यांचें लक्ष लागलें होतें. त्याच वर्षीं १४ मार्च रोजीं स्पेनमध्यें मतदान होऊन सरकार बदललें होतें आणि नव्या सरकारनें इराकांतील स्पॅनिश फौज लागलीच माघारीं आणली होती. म्हणून दोस्त राष्ट्रांस धास्ती होती. ९ ऑक्टोबरला हॉवर्ड चौथ्यांदा विजयी झाले आणि ती धास्ती तात्पुरती मिटली. मी त्याच आठवड्यांत पुरंदरचा तह शिकवीत होतों. एका मुलानें विचारलें, "गुरुजी, तिकडे मतदान होऊन फौज परत बोलावली तर तें वचन मोडणें होतें का?" नाहीं म्हणावें तर फळ्यावर मींच लिहिलेलें वाक्य डगमगूं लागे, होय म्हणावें तर लोकांस आपलें मत बदलण्याचा अधिकारच नाहीं असें ठरे. त्या दिवशीं मीं तास संपल्याचें निमित्त केलें. प्रस्तुत लेख हें त्या मुलास बऱ्याच उशिरां दिलेलें उत्तर आहे.

आतां मूळ प्रकरण पाहूं. सुरतेच्या तहांत मुंबईकरांनीं अडीच हजार फौज देण्याचें कबूल केलें. तिच्या खर्चासाठीं दादासाहेबांनीं दरमहा दीड लाख रुपये द्यावयाचे आणि तारण म्हणून सहा लाखांचें जवाहीर ठेवावयाचें. पण पैसा हें खरें मोल नव्हतें. खरें मोल वसई व साष्टी हें होतें. हीं दोन स्थळें तोडून देण्यास दादासाहेब प्रथम कबूल नव्हते व त्यापायीं वाटाघाट बराच काळ अडून राहिली होती. मुंबईकरांचा जीव मात्र त्यांतच गुंतलेला. पोर्तुगीजांचें आरमार येऊन आपलें गेलेलें ठाणें परत घेणार, अशी आवई उठतांच त्यांनीं डिसेंबर १७७४ अखेर ठाण्याचा किल्ला हल्ला करून घेतला आणि साष्टी दाबली. म्हणजे तहांतील अर्धें मोल तह होण्यापूर्वींच उचललेलें होतें. उरलेलें अर्धें, म्हणजे वसई, हें दादासाहेबांच्या हातांतच नव्हतें. तेथें पुण्याच्या कारभाऱ्यांचा अंमल होता. ज्याच्या हातीं वस्तु नाहीं तो ती देत होता आणि ज्यास युद्ध करण्याचा पुरता अधिकार नाहीं तो तिच्याबद्दल युद्ध कबूल करीत होता. या तहाइतका दोन्हीं बाजूंनीं पोकळ तह शोधून सांपडणें कठीण.

मुंबईकरांस अधिकार नव्हता हें कसें, तें नीट समजून घेतलें पाहिजे. कारण प्रचलित इतिहासांत तें एका ओळींत उरकलें जातें. विलायतेच्या पार्लमेंटनें १७७३ सालीं केलेल्या कायद्यान्वयें मुंबई व मद्रास येथील सभांस एतद्देशीय संस्थानांशीं युद्ध किंवा तह करावयाचा तर कलकत्त्याची पूर्वसंमति आवश्यक झाली. अपवाद दोनच : प्रसंग निकडीचा असला तर, किंवा खुद्द डायरेक्टरांचा हुकूम असला तर. कलकत्त्याची नवी सभा पांच जणांची. गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्स अध्यक्ष, पण मत त्याचेंहि एकच. समसमान मतें पडलीं तरच त्याचें जादा मत मोजावयाचें. क्लॅव्हरिंग, मॉन्सन व फ्रान्सिस हे तिघे १७७४ च्या ऑक्टोबरांत विलायतेहून उतरले ते हेस्टिंग्सविरुद्ध एक होऊनच बसले. हेस्टिंग्सच्या बाजूस एकटा बारवेल. तिघांविरुद्ध दोघे, हें त्या काळचें बंगालचें राजकारण.

गुजरातेंत अडास येथें १८ मे १७७५ रोजीं कर्नल कीटिंग व दादासाहेब यांची हरिपंत फडक्यांच्या फौजेशीं लढाई झाली. मुंबईच्या पलटणींतील बरेच लोक तेथें पडले. या गोष्टीस दोन आठवडे होतात न होतात तोंच, मे महिन्याच्या अखेरीस, कलकत्त्याहून पत्र निघालें कीं हें युद्ध अन्यायाचें, अविचाराचें व अधिकाराबाहेरचें आहे. फौज मागें घ्या. आपले लेखक येथें थोडी गफलत करतात. हेस्टिंग्स हा पुढें मराठ्यांशीं लढला, म्हणून या निषेधांत तो नसावा व तिघां विरोधकांचेंच हें काम असावें, असें गृहीत धरतात. वस्तुतः मुंबईकरांचा निषेध करण्यांत हेस्टिंग्स स्वतः सामील होता. तेव्हां प्रश्न चांगल्या व वाईट इंग्रजांचा नाहीं.

त्यानंतर कर्नल अप्टन पुरंदरास आला आणि तह झाला. सुरतेचा तह रद्द. दादासाहेबांनीं फौज मोडून दरमहा पंचवीस हजारांच्या नेमणुकीवर कोपरगांवीं राहावें. युद्धखर्चाबद्दल कंपनीस बारा लाख रुपये मिळावे. आणि साष्टी? ती कंपनीकडेच राहावी. इतकेंच नव्हे, तर वसईहि आम्हांस द्या, असा अप्टनचा आग्रह होता. पुणेकरांनीं तो साफ नाकारला व एकदां बोलणें मोडण्याची पाळी आली. ज्या सभेनें युद्ध अन्यायाचें ठरविलें, तीच सभा त्या अन्यायाचें फळ पदरांत ठेवून शिवाय न मिळालेलें दुसरें फळ मागते, हें दृश्य माझ्या मतें या सबंध प्रकरणाची किल्ली आहे. आणि ‘वचन मोडलें’ या शब्दांनीं नेमकें तेंच झांकलें जातें. दोस्ताचा त्याग झाला, पण दोस्तीबद्दल घेतलेलें मोल परत झालें नाहीं. मत फिरलें, साष्टी फिरली नाहीं.

येथें कौटिल्याचें स्मरण होतें. संधि शपथेनें टिकतो कीं जामीन व ओलीस यांनीं टिकतो, हा वाद त्यानें मांडला आहे. पूर्वाचार्य म्हणतात, शपथ चंचल, ओलीस स्थिर. कौटिल्य हें मानीत नाहीं. शपथेचें बंधन इहलोकीं व परलोकींहि असतें, म्हणून तीच अधिक स्थिर असें त्याचें मत. राजनीतींत ज्याला निष्ठुर समजतात तोच शपथेवर विश्वास ठेवतो, याचें विद्यार्थ्यांस नेहमीं आश्चर्य वाटे. पण कौटिल्याचा हा सिद्धान्त राजाच्या शपथेस लागू आहे. राजाला परलोक आहे. सभेला परलोक कोठला? संघांविषयीं त्यानें वेगळें अधिकरण लिहिलें आहे. सैन्य व मित्र यांच्या सर्व लाभांत संघाचा लाभ उत्तम, कारण एकजुटीमुळें संघ दुसऱ्यास जिंकतां येत नाहींत, अशी त्याची सुरुवात; आणि पुढें सारें अधिकरण संघांत भेद कसा पाडावा याविषयीं. एकजूट आहे तोंवर संघासारखा मित्र नाहीं, आणि एकजूट फुटली कीं त्या मैत्रीवर विसंबून बसलेला पहिला बुडतो. दादासाहेबांच्या पदरीं शास्त्री पुष्कळ असतील. त्यांपैकीं कोणी हें त्यांस वाचून दाखविलें असेल असें दिसत नाहीं. विनोद सोडून बोलावयाचें तर ज्या ग्रंथाची पोथी विसाव्या शतकांत शामशास्त्र्यांनीं उजेडांत आणली, ती त्यांस मिळणार कोठून?

संघाचा हा स्वभाव पुढील सहा वर्षांत पुरता प्रकट झाला. ऑगस्ट १७७६ मध्यें डायरेक्टरांचें पत्र मुंबईस पोहोंचलें. त्यांत सुरतेच्या तहास पसंती होती आणि मिळालेला मुलूख सोडूं नये अशी आज्ञा होती. पुढच्याच महिन्यांत, २५ सप्टेंबरला, मॉन्सन वारला. पांचांचे चार झाले. दोन विरुद्ध दोन. आणि अध्यक्षाच्या जादा मतानें हेस्टिंग्सचें बहुमत झालें. एका माणसाच्या आजारानें पुरंदरच्या तहाचा पाया खचला, असें म्हटल्यास अतिशयोक्ति थोडीच होईल. १७७७ च्या ऑगस्टांत क्लॅव्हरिंगहि गेला. १७७८ च्या आरंभीं मुंबईकरांनीं राघोबादादांस पुन्हां उभें करण्याचा बेत पाठविला, त्यास फ्रान्सिस व नवा सभासद व्हीलर यांनीं विरोध केला असतांहि हेस्टिंग्सच्या जादा मतानें मंजुरी मिळाली.

पण हें सांगतांना आपल्या बाजूचीहि मोजणी केली पाहिजे. बारभाईंचा कारभार म्हणजे तरी काय? तोहि एक संघच. पुरंदरच्या तहावर पुण्याच्या बाजूनें सखारामबापू व नाना फडणीस या दोघांची जबाबदारी होती. १७७८ सालीं मोरोबा फडणिसांनीं कारभार हातीं घेतला, तेव्हां दादासाहेबांस आणावें या मसलतींत सखारामबापूंचें अंग असल्याचें इंग्रजांस कळलें. आणि तह करणाऱ्यांपैकीं मुख्य पुरुषच आम्हांस बोलावतो तर तह आम्ही मोडतों कसा, असा युक्तिवाद मुंबईकरांनीं केला. युक्तिवाद सोयीचा होता यांत संशय नाहीं. परंतु खोटा होता असें म्हणतां येत नाहीं. नानांनीं लवकरच डाव उलटविला हा भाग वेगळा. नीळकंठ जनार्दन कीर्तन्यांपासून राजवाड्यांपर्यंत ग्रँट डफवर टीका करण्याची आपली परंपरा थोर आहे; तिनें पुण्याच्या कारभारासहि तीच कसोटी लावली असती तर आज हें लिहिण्याची गरज पडली नसती.

वडगांवचा प्रसंग तर या विषयाचा गाभाच आहे. जानेवारी १७७९ मध्यें मुंबईची फौज तळेगांवाहून मागें फिरली, वडगांवीं कोंडली गेली, आणि तिच्याबरोबरच्या मंडळींनीं बोलणें लावण्यासाठीं फार्मर यास मराठ्यांच्या छावणींत पाठविलें. मागणी नव्या तहाची झाली, तेव्हां इंग्रजांकडून सांगण्यांत आलें कीं कलकत्त्याच्या संमतीवांचून तह करण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. यावर आपल्याकडून जो उलट प्रश्न झाला तो ग्रँट डफच्या ग्रंथांतहि नमूद आहे. अप्टननें केलेला तह मोडण्याचा अधिकार मग तुम्हांस कोणी दिला तो दाखवा, असा त्याचा आशय. माझ्या वाचनांत अठराव्या शतकांतील मराठी मुत्सद्देगिरीचा इतका नेमका उद्गार दुसरा नाहीं. तह करण्यास अधिकार लागतो, मोडण्यास लागत नाहीं, ही जी सोयीची समजूत, तिच्यावरच त्यानें बोट ठेवलें. तरीहि करार लिहून घेतला गेला, साष्टी परत करण्याचें कबूल झालें, दोन इंग्रज ओलीस ठेवले गेले; आणि मुंबई व कलकत्ता या दोन्ही सभांनीं तो करार अधिकाराबाहेरचा म्हणून झिडकारला. उत्कृष्ट प्रश्न विचारूनहि आपण उत्तराची वाट पाहिली नाहीं, हा दोष महादजी शिंदे व नाना या दोघांच्याहि पदरीं घालावा लागतो. अधिकार नाहीं असें जो स्वमुखानें सांगतो त्याची सही घेऊन फौज सोडून देणें, याला मुत्सद्देगिरी म्हणतां येणार नाहीं.

याची भरपाई वसईनें केली. १७८० च्या नोव्हेंबरांत जनरल गॉडर्ड वसईच्या तटाखालीं आला. वेढा उठविण्यासाठीं येणाऱ्या मराठी फौजेस कर्नल हार्टलेनें वज्रेश्वरीजवळ दुगाडच्या रानांत अडविलें. ११ डिसेंबरला वसई पडली. दुसऱ्या दिवशीं रामचंद्र गणेश यांनीं दुगाडास निकराचा हल्ला केला व त्यांत ते कामास आले. ज्या किल्ल्यासाठीं ते लढत होते तो आदल्या दिवशींच गेला होता. चिमाजी आप्पांच्या १७३९ च्या विजयाचीं वर्णनें आमच्या भागांत प्रत्येक मुलास ठाऊक आहेत. रामचंद्र गणेश यांचें नांव मीं वर्गांत विचारलें तर एक हात वर होत नसे, आणि तो दोष मुलांचा नव्हता.

सतरा महिन्यांनीं, १७ मे १७८२ रोजीं, सालबाईचा तह झाला. वसई पेशव्यांस परत मिळाली. साष्टी, कारंजा व घारापुरी हीं कंपनीकडे राहिलीं. दादासाहेबांस पुन्हां तीच पंचवीस हजारांची नेमणूक. सात वर्षें लढून, दोन तह मोडून, त्यांच्या वांट्यास नेमकें पुरंदरास ठरलेलेंच आलें. १७८३ च्या डिसेंबरांत कोपरगांवीं त्यांचा अंत झाला.

आतां त्या मुलाचा प्रश्न. ऑस्ट्रेलियांत २४ नोव्हेंबर २००७ च्या निवडणुकींत हॉवर्ड पराभूत झाले, केव्हिन रड प्रधानमंत्री झाले आणि २००८ च्या जूनमध्यें इराकांतील लढाऊ तुकडी माघारीं गेली. हें वचन मोडणें होय का? माझें उत्तर, नाहीं. फौज परत आणूं हें मतदानापूर्वीं जाहीर सांगितलेलें होतें. दोस्तास तें आधीं ठाऊक होतें. आणि परत नेले ते स्वतःचे सैनिक, दुसऱ्याचें ठाणें ठेवून घेतलें नाहीं. १९४१ च्या ऑक्टोबरांत दोन अपक्ष सभासदांनीं बाजू बदलल्यानें त्याच देशांत जॉन कर्टिन यांचें सरकार आलें. पुढच्या फेब्रुवारींत मध्यपूर्वेकडून परतणारी ऑस्ट्रेलियाची फौज ब्रह्मदेशांत उतरवावी असा चर्चिल यांनीं आग्रह धरला, तो कर्टिन यांनीं मानला नाहीं. चर्चिल रागावले. पण ऑगस्ट १९४३ च्या निवडणुकींत लोकांनीं कर्टिन यांस प्रचंड बहुमत दिलें, आणि दोस्ती तुटली नाहीं. दोन मतांनीं सरकार पडणें तेथेंहि घडलें, कलकत्त्यासहि घडलें. मतें थोडीं होतीं म्हणून निर्णय अप्रामाणिक ठरत नाहीं. भेद दुसरा आहे. ऑस्ट्रेलियांत ज्यांचीं मुलें लढत होतीं त्यांनीं मत दिलें. १९२४ पासून तेथें मतदान सक्तीचें आहे, तेव्हां घरीं बसून राहण्याची सोयहि नाहीं. कलकत्त्याच्या पांच जणांपैकीं कोणीं साष्टी पाहिली होती? आणि साष्टींतले कुणबी, आगरी, कोळी, ख्रिस्ती शेतकरी, वसईचे भंडारी यांचें मत कलकत्त्यास नव्हतें, पुण्यासहि नव्हतें. त्यांची जमीन चार वेळां कागदावर या हातांतून त्या हातांत गेली.

तेव्हां यापुढें पाठ्यपुस्तकांत काय लिहावें? ‘मुंबईकरांनीं अधिकार नसतां वचन दिलें, कलकत्तेकरांनीं तें रद्द केलें, पण त्याचें मोल ठेवून घेतलें’, असें लिहावें. वाक्य लांबतें हें खरें. पण त्यांत कपट कोणाचें व कोठें हें दिसतें. मुंबईकरांचें कपट मार्च १७७५ मधलें : कायदा झालेला असतां, आपल्या सहीवर दुसऱ्याची सही लागते याचा भरंवसा न देतां घेतलेलें तारण. कलकत्तेकरांचें मार्च १७७६ मधलें. दोहोंची जात भिन्न आहे, आणि ‘इंग्रज’ हा एकच शब्द दोघांवर टाकल्यानें दोघेहि सुटतात.

सालबाईनंतर वीस वर्षें वसईच्या दर्या दरवाज्यापलीकडे खाडीच्या त्या तीराला कंपनीचें राज्य व या तीराला पेशव्यांचें, अशी स्थिति होती. २५ ऑक्टोबर १८०२ रोजीं हडपसरास यशवंतराव होळकरांनीं पुण्याची फौज मोडली, तेव्हां दादासाहेबांचे चिरंजीव बाजीराव कोंकणच्या किनाऱ्यानें निघाले ते वसईसच येऊन थांबले : भूमि आपली, आणि कंपनीच्या सर्वांत जवळची. ३१ डिसेंबरला तेथें जो तह झाला त्याच्या अखेरीस, गव्हर्नर जनरलच्या सहीशिक्क्याची प्रत आणून पेशव्यांच्या हातीं देण्याची जबाबदारी कर्नल क्लोजनें पत्करली आहे. सुरतेस वडिलांनीं न विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर मुलाच्या तहांत असें लेखी आहे. सव्वीस लाखांचा मुलूख व राज्याचें स्वातंत्र्य त्याच कागदावर वरच्या कलमांत देऊन झालें होतें.